गाडीच्या सस्पेन्शनमध्ये, म्हणजे चाकं गाडीला जोडणाऱ्या यंत्रणेत, स्प्रिंग असतानाही शॉक अॅब्सॉर्बर कशाला लागतो?

कारण स्प्रिंग धक्का जिरवत नाही, फक्त साठवून ठेवते. चाक खड्ड्यातून वर उसळलं की स्प्रिंग दाबली जाते आणि लगेच ती सगळी ऊर्जा परत देते. नुसत्या स्प्रिंगवरची गाडी एका खड्ड्यानंतर कितीतरी वेळ वर-खाली डुलत राहील.

हे डुलणं थांबवायचं काम शॉक अॅब्सॉर्बरचं. त्याच्या नळीत तेल असतं आणि तेलात एक पिस्टन. पिस्टनला बारीक छिद्रं आणि झडपा असतात. चाक हललं की तेलाला त्या छिद्रांतून रेटून जावं लागतं, हालचाल मंदावते आणि ऊर्जेची उष्णता होते. खडबडीत रस्त्यावर बराच वेळ गाडी चालवल्यावर शॉक अॅब्सॉर्बर हाताला चक्क गरम लागतो.

लोक सस्पेन्शनकडे आरामाची सोय म्हणून बघतात, मला ते धोक्याचं वाटतं. प्रत्येक टायर जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर रस्त्याला टेकलेला असतो. ब्रेक, वळण, सगळं त्या चार तळहातांवर. शॉक अॅब्सॉर्बर गेलेला असेल तर चाक उड्या मारतं, आणि हवेत असलेल्या चाकाचा ब्रेक काही कामाचा नाही.

घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर बॉनेटचा कोपरा जोरात दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन स्थिरावली तर बहुधा ठीक. दोन-तीनदा डुलली, नळीवर तेलाचा ओघळ दिसला किंवा टायर ठिकठिकाणी खोलगट झिजला असेल, तर मेकॅनिकला दाखवा. बदलताना एकाच अॅक्सलवरचे, म्हणजे पुढचे किंवा मागचे, दोन्ही बदला.