गोधडीच्या कडेची पट्टी: काठ की गोट?

प्रश्न असा आहे: आजीच्या जुन्या नऊवारीची पट्टी कापून गोधडीच्या चारही कडांना लावते आहे, या पट्टीला काठ म्हणायचं, किनार म्हणायचं की बाइंडिंगच म्हणायचं?

गोट म्हणा. वेगळ्या कापडाची पट्टी कडेवर दुमडून शिवली, की तो गोट. 'लाल गोटाची गोधडी' म्हटलं की ऐकणाऱ्याला लगेच कळतं. बाइंडिंग म्हटलं तर बहुतेकांना आधी वह्या-पुस्तकंच आठवतील. किनार हा सैल शब्द आहे, कोणत्याही कडेला चालतो. मगजी गोटाचीच धाकटी बहीण, पण अगदी अरुंद, शिवणीतून जेमतेम डोकावणारी. काठ मात्र मागावर कापडाबरोबरच विणला जातो, तो कुणी मागाहून लावत नाही.

म्हणून तुमचं उदाहरण मला फार आवडलं. नऊवारीवर होता तोवर तो काठ. उसवून गोधडीला शिवलात की तोच गोट. कापडही उत्तम निवडलं आहे. जुन्या साडीचं अंग विरतं, पण काठाची वीण घट्ट असल्याने तो बहुधा शाबूत राहतो. शिवाय त्याची बाहेरची कड विणलेलीच असते, दोरे सुटत नाहीत; ती बाजू आत न मुडपता तशीच हातशिलाईने टाचता येते, त्यामुळे गोट जाड होत नाही.

लांबीचा हिशेबही जमतो. 5 फूट बाय साडेसात फुटांच्या गोधडीचा घेर 25 फूट. नऊ वार म्हणजे 27 फूट. एका बाजूचा काठ धड असेल तर मधे जोड न देता सगळा घेर पुरा होतो. सहावारीला जोड द्यावाच लागेल. तो तिरका द्या, म्हणजे शिवणीची जाडी एका जागी साचत नाही.

सगळ्याच गोधड्यांना गोट असतो असं नाही. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात, तिच्या कडा आत मुडपलेल्या असतात आणि धावदोरा कडेपासून मध्याकडे फिरत जातो. तिथे गोटाला जागाच नाही. कोपऱ्यांवर मात्र कापडाच्या घड्यांची 'फुलं' बसवतात.

आणखी एक शब्द ओघाने येतोच: उरेब. कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांना तिरकी कापलेली पट्टी ती उरेब पट्टी. शिंप्यांच्या तोंडी उरेप, उरप असंही ऐकू येतं. ती ताणली जाते, म्हणून गळ्याला आणि गोल कोपऱ्यांना नीट बसते. काठ सरळ विणलेला असतो, तो गोलाईवर चुण्या पाडतो. तेव्हा तुमच्या गोधडीचे कोपरे चौकोनीच ठेवा: कोपरा पाव इंच उरला की शिलाई थांबवा, पट्टी तिरकी दुमडून वळवा आणि पुढची बाजू कडेपासून सुरू करा.