साठीपुढच्या पेशंटना शरीरसंबंधांबद्दल विचारावं का?

तुम्ही लिहिलंय की नुकतीच प्रॅक्टिस सुरू केली आहे, गुडघे-कंबरदुखीचे साठीपुढचे पेशंट बरेच येतात, आणि त्यांना शरीरसंबंधांबद्दल विचारलं तर अपमान वाटेल अशी धास्ती आहे.

विचारा. इंदूरला 26 वर्षं दवाखाना चालवतेय. त्यातली निम्मी मीही विचारत नव्हते. आपल्या मावशीच्या वयाच्या बाईला हे कसं विचारायचं, असं वाटायचं.

मग रामबागेकडच्या एक काकू आल्या. दोन्ही गुडघे झिजलेले, कंबरही धरलेली. जिना चढता येतो का, झोप लागते का, सगळं विचारून झालं, गोळ्या लिहून झाल्या, तरी काकू उठेनात. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलेल्या. मुलगा दारात गाडीची किल्ली खुळखुळवत उभा. त्याला म्हटलं, जरा समोरून गोळ्या घेऊन ये. तो गेला तशा एवढा वेळ मराठीत बोलणाऱ्या काकू हिंदीत म्हणाल्या, "मैं मना कर देती हूँ ना, तो ये बुरा मान जाते हैं." (आमच्याकडे हे नेहमीचं. मराठीत जे जिभेवर येत नाही, ते हिंदीत सुटतं.) काका दोन वर्षं बाहेर दिवाणावर झोपत होते. त्यांना वाटायचं, हिला आपला कंटाळा आला. काकूंना वाटायचं, हे रागावलेत. गुडघे दुखतात म्हणून, एवढं कोणी कोणाला सांगितलंच नव्हतं.

सांगायला फार काही लागलं नाही. कुशीवर झोपा, गुडघ्यांमध्ये उशी घ्या. रात्रीच हवं असं नाही, दुखणं कमी असेल ती वेळ धरा. दुखण्याची गोळी अर्धा तास आधी. पाळी गेल्यावर कोरडेपणा येतो, त्याला जेल मिळतं. दुपारी घरी कोणी नसतं, हे काकूंनीच सांगितलं.

म्हणजे पहिली गोष्ट, बरोबर आलेल्या मुलाला किंवा सुनेला काहीतरी काम काढून बाहेर पाठवा. त्यांच्यासमोर विचारलंत तर "छे छे" हेच उत्तर येणार.

दुसरी आपल्या गोळ्यांची. ड्युलोक्सेटिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन या जुनाट दुखण्यावर देतो त्या गोळ्यांनी इच्छा कमी होऊ शकते. ट्रॅमाडॉलसारखी जास्त जोराची दुखण्याची औषधं दीर्घकाळ चालली तर टेस्टोस्टेरॉन, म्हणजे इच्छेशी जोडलेलं हार्मोन, उतरू शकतं. पेशंटला वाटतं, वय झालं. काही जण गुपचूप गोळी बंद करतात, दुखणं परत येतं, आणि आपण डोस वाढवून मोकळे! शिवाय मेडिकलवाल्याकडून परस्पर सिल्डेनाफिल (व्हायग्रा म्हणतात ती गोळी) घेणारे असतात. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी त्यांच्याकडे असेल तर दोन्ही मिळून बीपी धोकादायक घसरतं. त्यामुळे विचारणं भागच आहे.

हा संकोच आपलाच असं समजू नका. अमेरिकेत 57 ते 85 वयाच्या सुमारे 3000 लोकांचा एक अभ्यास 2007 मध्ये आला होता. पन्नाशीनंतर या विषयावर डॉक्टरांशी बोललेले पुरुष होते 38 टक्के आणि बायका 22.

मी झोप आणि जिन्याच्या ओघातच विचारते: "अशा दुखण्यात नवराबायकोच्या जवळिकीतही बऱ्याच जणांना त्रास होतो. तुम्हाला तसं काही?" आणि गप्प बसते. "आता कुठलं डॉक्टर, वय झालं" असं आलं तर तिथेच सोडते. खरंच नको असेल तर तेही ठीक. पण तिसऱ्या खेपेला स्वतःहून विषय काढणारेही भेटलेत.

जोडीदार गेलेल्यांना मात्र हे वाक्य चालत नाही, तिथे शब्द बदलावे लागतात. आणि मी बाई असल्यामुळे काका लोक मला काही सांगत नाहीत, बाहेर जाऊन माझ्या कंपाउंडरला विचारतात. त्यांना मी सरळ पलीकडच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे चिठ्ठी देऊन पाठवते.