लाल फिल्टर आणि लडाखचं आकाश

प्रश्न : त्सो मोरीरी सरोवराला १०० आयएसओ संवेदनशीलतेच्या कृष्णधवल फिल्मवर, लाल फिल्टर लावून फोटो काढले. आकाश आणि डोंगरांच्या सावल्या ठार काळ्या, बर्फ मात्र मळकट करडा. चूक कुठे झाली?

उत्तर : साडेचार हजार मीटरवर हवा विरळ आणि कोरडी असते, त्यामुळे आकाश मुळातच गडद निळं दिसतं. लाल फिल्टर निळा प्रकाश अडवतो. उघड्यावरच्या सावल्यांना उजेड मिळतो तो याच निळ्या आकाशाचा! म्हणून आकाशाबरोबर सावल्याही बुडाल्या. तिथे पिवळा फिल्टर पुरे. फार तर नारिंगी. लाल हवाच असेल तर ढग भरपूर असताना वापरा.

बर्फाचं कारण वेगळं. कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर समोरच्या पांढऱ्यालाही मध्यम करडा समजतो, म्हणून उजेड कमी देतो. फिल्टर काढून, तपशील हवा असलेल्या सावलीवर मीटर धरा, त्यातून २ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) कमी करा, मग फिल्टरची भर घाला: पिवळ्याला १, लालला ३ स्टॉप. लाल असेल तर सावल्यांसाठी आणखी १ द्या. बर्फ जळेल, म्हणजे तपशील जाऊन नुसता पांढरा होईल, ही भीती नको, निगेटिव्ह फिल्म तेवढं सहज पेलते. डिजिटलवर मात्र उलटं, तिथे आधी बर्फ सांभाळायचा.

प्रश्न : खोलीत आल्यावर लेन्सवर दव का धरतं?

उत्तर : गार काचेवर खोलीतली वाफ जमते. बाहेर असतानाच कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि आत आल्यावर दोनेक तास उघडू नका.