विझार्ड दुसऱ्याच फेरीत पडतो, त्याविषयी

डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रे वठवण्याच्या खेळात तुमच्या पाचव्या पातळीच्या विझार्डचे, म्हणजे जादूगार पात्राचे, काउंटरस्पेल (दुसऱ्याचे स्पेल, म्हणजे मंत्र, हाणून पाडणारे स्पेल) नेहमी थोडक्यात पल्ल्याबाहेर राहते, शत्रूच्या जादूगाराचे मात्र अचूक लागते, फायरबॉलच्या आगीत दरवेळी आपलाच कोणी सापडतो, आणि आता सोबती ‘पुढच्या वेळी फायटर (लढवय्या) घे’ असे सुचवू लागले आहेत, हे तुम्ही लिहिलेले वाचून राहवले नाही. हीच व्यथा मी नागपुरातच, धरमपेठेतल्या एका गटात, बराच काळ भोगली आहे. मेज आर्मर हे संरक्षक स्पेल आधीच घालून निघावे, किरकोळ शत्रूंवर स्लॉट (स्पेल टाकण्याच्या मोजक्या संधी) उधळू नयेत, या गोष्टी तुम्हाला ठाऊक असणारच. त्या सोडून देते. मी डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे २०१४ चे नियम धरून लिहीत आहे. २०२४ च्या नियमांत काउंटरस्पेलचा निकाल वेगळ्या रीतीने लागतो, परंतु त्याचा ६० फुटांचा पल्ला तोच आहे, आणि माझे म्हणणे मुख्यतः त्या पल्ल्याविषयी आहे.

फायरबॉल १५० फुटांवरून टाकता येतो. तेव्हा समोर जादूगार असताना त्याच्या ६० फुटांच्या आत जाण्याचे विझार्डला सहसा काही कारण नसते. साधारण ७५ फुटांवर भिंतीच्या किंवा खांबाच्या आड उभे राहावे, आपल्या पाळीत दहा फूट बाहेर यावे, स्पेल टाकावे आणि उरलेल्या चालीत पुन्हा आडोशाला जावे. चाल तोडून वापरण्याची मुभा नियमांनीच दिलेली आहे. अशा वेळी आपले काउंटरस्पेलही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही हे खरे, पण मला तो तोटा परवडतो. पाचव्या पातळीला काउंटरस्पेल आणि फायरबॉल या दोन्हींना लागणारे तिसऱ्या पातळीचे स्लॉट दोनच मिळतात, आणि फेरीत एकच रिअ‍ॅक्शन (झटपट प्रत्युत्तराची संधी) असल्यामुळे ती शील्ड या बचावाच्या स्पेलसाठी राखलेली बरी, असे माझे मत आहे. काउंटरस्पेल टाकू शकणारा सॉर्सरर किंवा दुसरा विझार्ड सोबत असेल तर हिशेब बदलेल.

मात्र हे सारे डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरने, अंतर पाळले तरच. आमचे डीएम, त्यांचे नाव घेत नाही, गोष्ट रंगवून सांगण्यात तरबेज होते, पण नकाशा मांडणे त्यांना कमीपणाचे वाटे. शत्रू कुठे आहे असे विचारले की ‘तसा जवळच, पण फार जवळ नाही’ असे उत्तर येई. माझ्या काउंटरस्पेलच्या वेळी जो जादूगार ७० फुटांवर असे, तोच जागचा न हलता माझ्या फायरबॉलच्या वेळी ५५ फुटांवर येई. अंतरे मोजण्यासाठी शून्य मैलाचा दगड ज्या शहरात उभारला गेला, त्या शहरात हे चालावे! एकदा नदीच्या उतारावर हिप्नॉटिक पॅटर्न हे भुरळ घालणारे स्पेल टाकण्याआधी मी स्पष्ट विचारले होते की ३० फुटांच्या घनात कोण कोण येते, आणि चारही शत्रू येतात असे त्यांनी सांगितले होते. स्पेल टाकून झाल्यावर आमचे दोन लढवय्येही त्यात असल्याचे निघाले. ते दोघे सेव्ह (बचावाचा फासा) चुकून ताटकळले, उरलेल्या शत्रूंनी आम्हाला कापून काढले, आणि मी जपून वाढवलेले पात्र तिथेच संपले. तक्रार केली तेव्हा नकाशाने कथेचा रस जातो, असे ऐकवण्यात आले. रस जातो तो कोणाचा, हे त्यांनी सांगितले नाही. फायटर तलवारीच्या टोकापर्यंतच लढत असल्याने त्याला अंदाजाने चालते; विझार्डची सारी शक्ती फुटांत लिहिलेली असते, आणि ते फूट दुसऱ्याच्या मनावर सोडले की ती शक्तीही त्याच्याच हाती जाते. म्हणून पात्र बदलण्याआधी डीएमशी बोला.

नकाशासाठी महागड्या सामानाची गरज नाही. सीताबर्डीत मिळणारा साधा चार्ट पेपर पुरतो. सोंगट्या कॅरमच्या घेणार असाल तर चौकट दीड इंचाची आखा, कारण त्या एका इंचाच्या चौकटीत मावत नाहीत. चौकट पाच फुटांची धरली की चार चौकटी लांबीचा दोरा फायरबॉलची २० फुटांची त्रिज्या दाखवतो, आणि वाद तिथेच मिटतो. उन्हाळ्यात पंखा पूर्ण वेगात असतो, तेव्हा कागदाचे कोपरे चिकटपट्टीने बसवून घ्या.

कॉन्सन्ट्रेशनविषयी, म्हणजे स्पेल चालू ठेवण्यासाठी लागणाऱ्या एकाग्रतेविषयी, एवढेच, की मार बसल्यावर १० किंवा झालेल्या नुकसानाचा अर्धा भाग, यांतील मोठ्या आकड्याचा सेव्ह लागतो, आणि तो प्रत्येक फटक्यासाठी वेगळा असतो. म्हणून एका मोठ्या घावापेक्षा तीन बाण अधिक घातक ठरू शकतात. ठरावीक प्रसंगासाठी स्पेल ‘रेडी’ करून थांबणे मला तर मुळीच पसंत नाही. ते धरून ठेवायलाही कॉन्सन्ट्रेशन लागते, त्यामुळे आधीचे कॉन्सन्ट्रेशनचे स्पेल तुटते, आणि अपेक्षित प्रसंग आला नाही तर स्लॉटही जातो.

डीएम नकाशाला तयारच नसतील, तर अंतरावर कमी अवलंबून असणारी स्पेल्स निवडा. मॅजिक मिसाइल तुम्ही निवडलेल्यालाच लागते आणि आपल्या माणसांना इजा करत नाही. मिरर इमेज (स्वतःच्या फसव्या प्रतिमा) स्वतःवरच असते व तिला कॉन्सन्ट्रेशन लागत नाही. तिसऱ्या पातळीत, शेजारी उभ्या असलेल्या फायटरवर हेस्ट हे वेग वाढवणारे स्पेल टाकणे सर्वांत सोपे. फक्त ते मध्येच तुटले तर त्याची पुढची पाळी संपेपर्यंत त्याला हलता येत नाही की काही करता येत नाही, हे त्याला आधीच सांगून ठेवा, आणि टाकल्यावर तुम्ही स्वतः आडोशाला जा.