घरातलं प्लॅस्टिक वेगळं ठेवायला लागताय? आधी हे बघा

सुरुवातीलाच पाच-सहा डबे मांडू नका, आठवड्याभरात कंटाळाल. दोन पुरेत: एक कडक प्लॅस्टिकचा, एक पातळ पिशव्यांचा.

खरी गोची धुण्यात नाही, वाळवण्यात आहे. दुधाची पिशवी तीन कडांनी कापून सपाट उघडा. नुसता कोपरा कापला तर आतल्या शिवणीत दूध राहतं आणि दुसऱ्या दिवशी डबा आंबूस वास मारतो. कोपरा कापलाच, तर तुकडा पूर्ण तोडू नका, लोंबता ठेवा. एवढासा कपटा पुढे वेचणाऱ्याच्या हाती लागत नाही. धुवायला भांड्यांचं शेवटचं पाणी चालतं, नळ सोडून बसू नका. तेलकट बाटलीत साबणाचे दोन थेंब, कोमट पाणी, झाकण लावून खळखळवा. कडकडीत पाणी नको, पेटची (पाण्याच्या बाटल्यांचं पारदर्शक प्लॅस्टिक) बाटली आकसते.

बाटली-डब्याच्या तळाच्या त्रिकोणातला आकडा फक्त प्लॅस्टिकची जात सांगतो, पुनर्वापराची हमी देत नाही. 1 म्हणजे पेट, 2 आणि 4 पॉलिथिन, 3 पीव्हीसी, 5 पॉलिप्रॉपिलीन. आकडा पुसलाय? छोटा तुकडा पाण्यात दाबून सोडा. 2, 4, 5 साधारणपणे वर येतात. 1 आणि 3 तळाशी बसतात. तुकड्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे आधी पुसा, नाहीतर फसाल.

चुरगळून मूठ उघडल्यावर परत फुलणारी चकचकीत वेष्टनं पिशव्यांत मिसळू नका. त्यांचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते सुटे करणं फार अवघड. जाळायची तर नाहीतच. ढिगात पीव्हीसीचा तुकडा असला तर हायड्रोजन क्लोराइडचा धूर घशात जातो.