शंका मनात असताना वर्शिप लीड करू का?

प्रश्न : ताई, मी सहा वर्षं चर्चमधे वर्शिप लीड करते, म्हणजे उपासनेची गाणी पुढे उभं राहून गाते. मागच्या वर्षी माझा धाकटा भाऊ आजारपणात गेला. आम्ही सगळ्यांनी किती प्रार्थना केल्या, उपास केले, तरी गेलाच. तेव्हापासून विजयाची गाणी म्हणताना आवाज निघतो पण आत काही हलत नाही, उलट वाटतं इतक्या लोकांसमोर आपण खोटं बोलतोय. देव आहे का हा माझा प्रश्नच नाहीये, तो ऐकतो का हा आहे. टीम सोडून देऊ का?

उत्तर : सोडू नकोस. म्हणजे थकलीयेस म्हणून दोन-तीन महिने बाजूला बसावंसं वाटलं तर जरूर बस, भावाला जाऊन वर्षच तर झालंय, पण 'मला शंका आहेत म्हणून मी लायक नाही' या कारणासाठी अजिबात नको.

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र ८८ काढ आणि आधी वरचं शीर्षक वाच, जे आपण कायम सोडून देतो. तिथे लिहिलंय की हे मुख्य गवयासाठी आहे, कोरहाच्या मुलांचं, म्हणजे मंदिरातल्या गायकांच्या घराण्याचं, गीत आहे. म्हणजे हे कुणी एकट्याने लिहून उशीखाली ठेवलेलं नाहीये गं, हे गाणाऱ्यांच्या हातात दिलेलं आहे! आणि आत काय तर मी रात्रंदिवस हाका मारतोय, तू तोंड का लपवतोस, माझी जवळची माणसं तू लांब केलीस, आणि शेवट थेट अंधारावर. पुढे उजेड येतच नाही. शेवटी स्तुतीची एक ओळ जोडणं काही अवघड नव्हतं, पण कुणी जोडली नाही.

आणि हे एकच नाही. १५० स्तोत्रांपैकी साधारण तिसरा हिस्सा तरी विलापाचा धरतात, आणि आपल्या रविवारच्या गाण्यांत तो हिस्सा किती असतो ते तूच मोज. स्तोत्र १३ सहाच वचनांचं, त्यातल्या पहिल्या दोनात 'कुठवर' हा प्रश्न चार वेळा येतो. भरवसा येतो, पण शेवटी येतो, सगळं विचारून झाल्यावर. आपण काय करतो, पहिल्या कडव्यात दुःखाची एक ओळ घेतो आणि कोरस येईपर्यंत ते मिटवून टाकतो, मग ज्याचं मिटलेलं नाही तो तिथेच मागे राहतो.

विलापातली मला सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट म्हणजे तक्रार देवापाशीच केलेली आहे. 'तो मला विसरला' असं दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही, 'तू मला विसरणार का' असं त्यालाच विचारलंय. म्हणूनच ती उपासना आहे. प्रभू येशूने वधस्तंभावर जो आक्रोश केला, 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास', ती स्तोत्र २२ ची पहिली ओळ आहे. त्या घडीला त्याच्या तोंडी विजयाचं गीत नव्हतं, विलापाचं होतं, मग तुझ्या तोंडी ते आलं तर तू खोटी कशी?

आता माईकबद्दल. तुझं सगळं दुःख स्टेजवरून ओतू नकोस, लोक तुला सांभाळायला लागतील आणि गाणं बाजूला राहील. त्यापेक्षा स्तोत्राचे शब्द घे, ते तुझं दुःख उचलतात आणि तुझ्यासारख्या अजून चार जणांचंही. सुरवातीला स्तोत्र १३ नुसतं वाच, मागे कीबोर्डवर एकच कॉर्ड धरून ठेवायला सांग, वाचून झालं की थोडा वेळ शांत रहा आणि मग गाणं घे. त्या शांततेत 'पण तरीही आपण आनंद करूया' असं बोलून मोकळी होऊ नकोस, तो मोह फार होतो, मला पण व्हायचा. आणि एक, स्लो आणि मायनरमधलं गाणं म्हणजे प्रामाणिक असं मुळीच नाही, रडक्या चालीत पण खोटे शब्द बसतात. शब्द बघ. ज्या ओळीला आज तुझं मन 'हो' म्हणत नाही ती ओळ दुसऱ्याला लीड करू दे, तू मागे हार्मनी धर.

माझी आई गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी नुसती उभी होते, तोंडच उघडेना. शेजारच्या बाईंनी काही विचारलं नाही, फक्त त्या जरा मोठ्याने गायला लागल्या. मंडळी असते ती यासाठी.

स्तोत्र ४२ आणि ४३ सलग वाच. 'माझ्या जिवा, तू का खिन्न झालास' ही ओळ तीनदा येते, देवाची आशा धर असं स्वतःला समजावलेलं पण तीनदा. म्हणजे पहिल्यांदा समजावून भागलं नव्हतं, दुसऱ्यांदाही नाही, म्हणून परत गायलं.

प्रश्न : आमचे पास्टर म्हणतात अशी गाणी घेतली तर नवीन लोकांचा विश्वास डळमळेल. काय सांगू त्यांना?

उत्तर : त्यांची काळजी मनापासूनची आहे, वाद घालू नका. त्यांच्यासोबत बसून मत्तयाच्या शुभवर्तमानातलं २८:१७ वाचा. पुनरुत्थित प्रभू समोर उभा आहे, शिष्य त्याला नमन करतायत आणि त्याच वचनात लिहिलंय की काहींना संशय वाटला. प्रभूने त्यांना वेगळं काढलं असं तिथे कुठेही नाही, पुढची आज्ञा सगळ्यांना मिळून दिली. अजून एक उदाहरण इंग्रज कवी विल्यम कूपरचं. 'अमेझिंग ग्रेस' लिहिणाऱ्या पाद्री जॉन न्यूटनबरोबर त्याची गीतं १७७९ मधे पुस्तकात छापली गेली. हा माणूस नैराश्याने वारंवार खचायचा, देवाने आपल्याला टाकलंय असं त्याला पुढे कित्येक वर्षं वाटत राहिलं, १८०० मधे मरेपर्यंत. त्याची गीतं मंडळ्या अजून गातात. नवीन माणसाला पहिलं मोठं दुःख कधीतरी येणारच, तेव्हा त्याच्याकडे फक्त विजयाची गाणी असतील तर तो गाणार काय? पास्टरांना महिन्यातून एकच विलापाचं गीत मागा, आणि ते झाल्यावर कोण कोण येऊन बोलतं ते त्यांनाच बघू द्या.