लेकीला रागावू नकोस, सॉफ्टवेअरचं बघ

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. वाचनालयाच्या वर्धापनदिनाला अख्खी कार्यकारिणी चहाला जमलेली, आणि तुझ्या पाच वर्षांच्या लेकीने कार्याध्यक्षांकडे बोट दाखवून खणखणीत आवाजात विचारलं, "आई, ते भंगार सॉफ्टवेअर यांनीच आणलं ना गं?" तू तिला दंडाला धरून बाहेर नेलंस, घरी जाऊन रागावलीस आणि आता ग्रंथपालपदाचा राजीनामा देऊ का, असं मला विचारतेस. राजीनामा मुळीच देऊ नकोस. आधी लेकीला जवळ घे.

रोज रात्री जेवताना जे तिच्या कानावर पडत होतं, तेच ती बोलली. समोरच्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळं काही असू शकतं, हे मुलांना साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी उमगू लागतं. विमर आणि पेर्नर यांनी १९८३ साली यावर केलेले प्रयोग मानसशास्त्राच्या वर्गात आजही शिकवतात. पण ते उमगलं म्हणून कुणापुढे काय बोलावं याचा पोच लगेच येत नाही. नुसतं "असं बोलायचं नसतं" म्हणालीस, तर खरं बोललं की आई चिडते एवढंच तिच्या लक्षात राहील. त्यापेक्षा तिला सांग, की एखाद्या माणसाबद्दल काही विचारायचं असेल तर माझ्या कानात विचार, नाहीतर घरी गेल्यावर विचार, मी नक्की उत्तर देईन. आणि मग खरंच उत्तर दे. उद्या एसटीत कुणाच्या पोटाबद्दल किंवा टकलाबद्दल विचारलं, तरी हाच नियम चालेल. तिला माफी मागायला मात्र कार्याध्यक्षांपुढे उभी करू नकोस. वाक्य मोठ्यांचं होतं, ते मोठ्यांनीच निस्तरायचं.

तू स्वतः त्यांना भेट. फार पाल्हाळ लावू नकोस. "लेक बोलली ते शब्द माझे होते. ते तसे वापरायला नको होते. पण अडचण खरी आहे, पुढच्या सभेत कागदावर मांडू का?" एवढं पुरे. त्यांनी पदरमोड करून, वाचनालयाचं भलं व्हावं म्हणून ते सॉफ्टवेअर घेतलं, हे विसरू नकोस.

आता मुख्य मुद्दा. ते सॉफ्टवेअर वाईट नाही, ते दुकानाचं आहे. तू लिहितेस की पुस्तक द्यायचं तर "विक्री" करावी लागते, परत आलं की "विक्री परत", आणि सभासद म्हणजे "गिऱ्हाईक". नावं बदलून घेता येतील, खोट त्याच्याही खाली आहे. दुकानदाराला साबणाच्या तीन वड्या सारख्याच, कुठली विकली याने त्याला फरक पडत नाही. शिल्लक दोन, एवढं कळलं की झालं. आपल्याकडे एकाच कादंबरीच्या तीन प्रती असतील तर प्रत्येकीचा दाखल क्रमांक, म्हणजे नोंदवहीत त्या प्रतीला मिळालेला क्रमांक, वेगळा. एक बांधणीला गेलेली, एक सभासदाकडे, एकीची शेवटची पानं फाटलेली. तुझं सॉफ्टवेअर त्या तिघींची मिळून एक ओळ करतं आणि पुढे "नग ३" लिहितं. मग कुठली प्रत कुणाकडे आणि ती कधी परत यायची, हे ते कसं सांगणार?

पुस्तक वेगळं, प्रत वेगळी, सभासद वेगळा आणि देवघेव वेगळी. या चार गोष्टींचे चार तक्ते करायचे आणि क्रमांकांनी एकमेकांना जोडायचे. माहिती अशी जोडलेल्या तक्त्यांत ठेवण्याचा विचार संगणकतज्ज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली मांडला आणि आजचे बहुतेक डेटाबेस, म्हणजे संगणकातले माहितीचे साठे, त्यावरच उभे आहेत. लेखकांचाही तक्ता वेगळा हवा. कुसुमाग्रजांची कविता मागणाऱ्याला वि. वा. शिरवाडकरांची नाटकंही दिसायला हवीत. एका रकान्यात नाव टाइप करून हे साधत नाही. एकदा आडनाव आधी, एकदा नुसती आद्याक्षरं, एकदा टोपणनाव, असं करत एकाच माणसाचे चार लेखक होतात.

तोवर सगळं एक्सेलमध्ये घेते म्हणतेस, तर जपून. विषय-वर्गांक ००५ लिहिलास तर तिथे नुसता ५ उरतो. खंडाच्या रकान्यात २/३ लिहिलंस की त्याची तारीख होते. पुस्तकावर छापलेला तेरा अंकी आयएसबीएन क्रमांक ९.७८ई+१२ असा दिसायला लागतो. म्हणून काहीही भरण्याआधी हे रकाने निवडून "टेक्स्ट" करून घे; नंतर केलंस तर गेलेली शून्यं परत येत नाहीत. मोठमोठी खातीही यात फसली आहेत. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेचे कोविडचे १५,८४१ रुग्ण वेळेवर मोजणीतच आले नाहीत, कारण एक्सेलच्या जुन्या फाइलीत ६५,५३६ च्या वर ओळी मावत नाहीत. तुझ्या वाचनालयात इतक्या ओळी व्हायच्या नाहीत, पण यादी करायचं साधन आणि नोंदी सांभाळायचं साधन यांत फरक आहे, हे कार्यकारिणीला पटवायला हा दाखला उपयोगी पडेल.

आणखी एक तपास कर, आणि तो सगळ्यात आधी. आधीच्या ग्रंथपालांनी नोंदी कुठल्या फाँटमध्ये केल्या आहेत? चार-पाच ओळी उचलून साध्या नोटपॅडमध्ये चिकटव. मराठी दिसलं तर युनिकोड आहे, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठीच दिसेल, काळजी नाही. इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसला, तर जुना फाँट आहे. मग शोध आणि अकारविल्हे यादी दोन्ही फसणार. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावं लागेल, आणि त्यानंतर जोडाक्षरं, रफार, वेलांट्या डोळ्यांखालून घालाव्या लागतील.

सभेत तक्रारी वाचू नकोस, प्रश्न ठेव. एक पुस्तक हातात घेऊन जा आणि सॉफ्टवेअर देणाऱ्याला सगळ्यांसमोर विचार: याची दुसरी प्रत आत्ता कुणाकडे आहे? मुदत उलटलेल्या पुस्तकांची यादी निघेल का? सगळ्या नोंदी साध्या फाइलीत बाहेर काढून देता येतील? शेवटच्या प्रश्नाला "नाही" आलं तर पुढचा हप्ता देऊ नका, असं स्पष्ट सांग. आपल्या नोंदी आपल्याला नेता येत नसतील, तर त्या आपल्या राहिल्याच नाहीत.

पर्याय आहेत. कोहा हे ग्रंथालयांसाठीचंच सॉफ्टवेअर न्यूझीलंडच्या एका ग्रंथालयासाठी तयार झालं, २००० पासून वापरात आहे, फुकट मिळतं, मराठी नीट दाखवतं. पण ते बसवून सांभाळणारं माणूस लागतं. गावातल्या कॉलेजच्या ग्रंथपालांकडे चौकशी कर. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र या सरकारी संस्थेचं ई-ग्रंथालय हे सॉफ्टवेअरही आहे, ते आपल्या वाचनालयाला मिळेल का ते विचार. दोन्ही आधी शंभर पुस्तकांवर चालवून बघ, मगच ठराव मांड.

छापील दाखल नोंदवही मात्र बंद करू नकोस, नवीन सॉफ्टवेअर आलं तरी. आणि नोटपॅडमध्ये जे दिसेल त्याचा फोटो मला पाठव, म्हणजे रूपांतराचं काम किती पडेल ते सांगते.

तुझी,
बाई